शेजारी बसणारी तिवई

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. तीन पाय, त्यातला एक खिळखिळा, त्यामुळे स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. कामशेतच्या सीताराम सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि बेडशाच्या शाळेत अनिताबाईंच्या हवाली केलं.

बाई एका जागी कधी बसल्याच नाहीत. "समजलं का?" विचारलं की वर्ग एका सुरात "व्हय बाई" म्हणायचा. त्या सुरावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. ज्याची नजर खाली, त्याच्या शेजारी मला ओढत नेत, बसत आणि वही मागत. माझा पाय त्या ओढाताणीतच खिळखिळा झाला, पण मी तो मिरवत असे.

यंदा नवलाख उंबरे या गावातल्या एका शाळेचे गणिताचे गुरुजी बदली होऊन गेले. तिथल्या मुलांनाही बाईंनी मोबाइलवरून शिकवावं असं ठरलं. मोबाइल माझ्या डोक्यावर आणि बाई समोर उभ्या. पडद्यावर मुलं बोटाएवढी दिसत, "व्हय बाई" मात्र खणखणीत येई. वरच्या कचेरीतून शाबासकी आली. एका बाईंवर दोन शाळा भागतात, मग तिथे नवे गुरुजी कशाला, असंही कुणी म्हणालं. बाईंना रुखरुख लागली. त्या नुसत्या येरझारा घालत. मला उठून त्या मुलांकडे पळावंसं वाटे, पण मोबाइल पडेल म्हणून मला हलायचीही बंदी होती.

शिष्यवृत्तीची परीक्षा महिन्यावर आली आणि सरावाचे पेपर तपासायला आले. तिथल्या उझमा नावाच्या मुलीचा अपूर्णांकांचा कागद कोरा होता. शनिवारी बाईंनी मला स्कूटीला बांधलं आणि थेट नवलाख उंबरे गाठलं. उझमाच्या शेजारी मला टेकवून त्या बसल्या.

"कधीपासून अडलंय गं?"

"पयल्या दिवसापासनं, बाई. समदी व्हय म्हनत्यात, म्हनून मी बी म्हनते."

बाई रागावल्या नाहीत. "चूक माझीच," म्हणाल्या आणि डब्यातली भाकरी मोडून तिच्यापुढे चतकोर मांडू लागल्या. दुपारपर्यंत मी अकरा मुलांशेजारी टेकले.

तास मोबाइलवर घेईन, पण मुलांच्या शेजारी बसायला तिथे माणूस द्या, असं बाईंनी वरच्या कचेरीला लिहून कळवलं आहे. उत्तर अजून नाही. तोवर दर शनिवारी मी स्कूटीवर असते आणि पाय आणखी ढिला होतो आहे.

मित्रांनो, जमलं तर त्याला एक खिळा मारा, पण मला कोपऱ्यात ठेवू नका. आणि पडद्यावरून बाई विचारतील तेव्हा सगळ्यांच्या सुरात सूर मिसळू नका. समजलं नसेल तर एकट्याने का होईना, "न्हाई बाई" म्हणा. मी येते.