पहिलं नाव ठाऊक नाही

मी एक पासपोर्ट आहे. निळ्या पुठ्ठ्याचा, छत्तीस पानांचा. त्यातली बहुतेक पानं अजून कोरी आहेत. आत पंचशीलाचा फोटो आहे. दोन्ही कान दिसायला पाहिजेत म्हणून फोटोवाल्याने तिचे केस मागे ओढून बांधायला लावले होते, त्यामुळे ती त्यात रागावलेली दिसते. तेव्हा ती तशी नव्हती.

फोटोशेजारी दोन चौकटी आहेत, एक आडनावाची आणि एक नावाची. नावाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत पंचशीला असं स्पष्ट छापलेलं आहे. आडनावाची चौकट रिकामी आहे. ती रिकामी ठेवली तिच्या वडिलांनी.

नागनाथअप्पा जनवाड्याचे पोस्टमन. चाळीस वर्षं त्यांनी सायकलवर टपाल वाटलं. पाकिटावर नुसतं 'सुगंधाबाई, जनवाडा' एवढं असलं, तरी ते पत्र बरोबर त्या सुगंधाबाईच्या हातात पडायचं. माझा अर्ज भरताना पोरीनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आडनाव कशाला? टपालाला नाव पुरतंय. आडनाव लागतंय ते घर कुठल्या गल्लीत हाय ते हुडकायला."

गल्ली म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळत होतं. शाळेच्या दाखल्यावरही त्यांनी लेकीचं नुसतं नावच घातलं होतं. ते नाव त्यांनी विहारात बसून ठरवलं होतं.

चौकशीला पोलीस शिपाई रेवणसिद्धप्पा आले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कागद पुढे धरला. "अण्णा, आडनाव लिहिलेलं न्हाई. मग कोणापैकी म्हणायचं तुम्हाला?"

आमच्याकडे हा प्रश्न जात विचारायचा. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून असा विचारतात.

"जनवाड्यापैकी," अप्पा म्हणाले.

पंचशीलाची आई सुभद्राबाई दाराआड तोंडाला पदर लावून हसल्या. रेवणसिद्धप्पाही हसले आणि सही करून गेले. असा मी जन्माला आलो, आणि मला माझ्या रिकाम्या चौकटीचा अभिमान वाटला.

पंचशीलानं कलबुर्गीला शेतीचं शिक्षण घेतलं होतं. तुरीचा मर रोग हा तिचा विषय. शेंगा धरायच्या वेळेला उभं झाड आतून वाळून जातं, आणि वरून बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्यावर संशोधन करायला परदेशातल्या एका विद्यापीठानं तिला बोलावलं. व्हिसा चिकटवून मी परत आलो, तेव्हा सगळं घर माझ्यावर वाकलं.

त्या देशाच्या संगणकाला रिकामी चौकट चालत नाही. त्यानं पंचशीला हेच आडनाव धरलं आणि नावाच्या जागी तीन अक्षरं टाकली: एफ, एन, यू. त्याचा अर्थ, पहिलं नाव ठाऊक नाही.

"ठाऊक न्हाई कसं?" अप्पांनी चष्मा पुसला. "शेजारीच तर छापलंय की."

"तिकडं तशी रीत हाय, अप्पा. लई जणांचं तसंच असतंय."

ती तीन अक्षरं जोडून तिकडे सगळे तिला 'फनू' म्हणू लागले. ती पहिले काही महिने नाव सांगत राहिली. मग फनू म्हटलं की वळून बघायला लागली. विद्यापीठ मात्र देखणं होतं. दारात चाळीस भाषांमध्ये 'स्वागत' लिहिलेलं. काचेच्या घरात तिनं तुरीच्या दोनशे बारा कुंड्या लावल्या आणि दोन वर्षं ती त्यांच्यात रमली.

तिसऱ्या वर्षी जगात दोन-तीन ठिकाणी लढाया पेटल्या होत्या आणि त्या देशाचे नियम आठवड्याला बदलायला लागले. बाहेरून आलेल्या पोरांचे व्हिसा रद्द व्हायला लागले. विद्यापीठाचे मेल येऊ लागले. या कठीण काळात आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. शक्यतो घरी जाऊ नका, परत येता येईल याची खात्री नाही. पासपोर्ट कायम जवळ बाळगा. प्रत्येक मेलची सुरुवात 'प्रिय फनू' अशी. तेव्हापासून मी तिच्या कोटाच्या आतल्या खिशात राहू लागलो.

बुधवारी दुपारी परदेशी पोरांसाठी बैठक असायची. सूप मिळायचं. एकदा तर विद्यापीठानं कुत्रं आणलं. पंचशीलानं फोनवर आईला सांगितलं.

"कुत्रं कामून?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कुरवाळायला. जीव हलका व्हतंय म्हने."

"मग इकडंच ये की. जनवाड्यात मोकाट हायती, फुकट कुरवाळ."

दोघी हसल्या. मी तिच्या छातीशी होतो. हसताना तिचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते मलाच ठाऊक.

मग एका सकाळी मेल आला, की तिची विद्यार्थी म्हणून नोंद बंद झाली आहे आणि आता तिथं राहणं बेकायदा आहे. दुसऱ्या कुठल्या तरी गावात एका 'फनू'वर मारामारीचा गुन्हा दाखल झाला होता. त्या बाईचंही पहिलं नाव संगणकाला ठाऊक नव्हतं. संगणकानं दोघी एकच धरल्या.

परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतल्या बाई फार मऊ बोलायच्या. त्यांनी पंचशीलाला खुर्ची दिली, पाणी दिलं, कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला.

"मला एकच ओळ लिहून द्या," पंचशीला म्हणाली. "ती बाई मी नव्हे. त्या दिवशी मी इथंच काचघरात होते, तुमच्याच वहीत माझी सही आहे."

बाई आत जाऊन वकिलांना विचारून आल्या. "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण असं पत्र विद्यापीठाला देता येत नाही. दिलं तर उद्या आमचीच चौकशी लागेल."

"मग पाठीशी आहोत म्हणजे काय?"

बाईंनी बाहेरच्या वकिलांची एक यादी दिली आणि जाताना हात दाबला. मला वाटतं, त्या मनापासून वाईट वाटून घेत होत्या. पण ते वाईट वाटणं कागदावर उतरेना.

चार दिवस तिनं त्या यादीतल्या सगळ्यांना फोन केले. कुणालाच महिनाभर वेळ नव्हता. पाचव्या दिवशी तिच्याच मजल्यावरच्या एका मुलाला साध्या कपड्यातली सरकारी माणसं घेऊन गेली. सहाव्या दिवशी ती काचघरात गेली, कुंड्यांना पाणी घातलं आणि विमानतळावर आली.

जनवाड्याला आल्यावर तिला कुणी काही विचारलं नाही. अप्पाच एकसारखे म्हणत राहिले, "माझ्यामुळं झालं. मीच चौकट रिकामी ठेवली." तिकडच्या कुंड्यांना मित्रमैत्रिणींनी पंधरा दिवस पाणी घातलं. मग जागा लागली म्हणून त्या काढून टाकल्या.

पाच महिन्यांनी मेल आला. प्रिय फनू, तुमच्या नोंदीतली चूक दुरुस्त झाली आहे. ऑगस्टपर्यंत नवा व्हिसा घेऊन आलात तर तुमची जागा राखून ठेवू. आणि पुढं लिहिलं होतं, की पासपोर्टात पूर्ण नाव घालून घेतल्यास असा गोंधळ टळेल.

अप्पांनी तो मेल दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला घेऊन बिदरला लिंगराजच्या दुकानात गेले. तिथं पासपोर्टाचे अर्ज भरून मिळतात.

"आडनाव?" लिंगराजनं विचारलं.

अप्पा उभेच होते. त्यांनी आडनाव सांगितलं. जे त्यांनी शाळेत सांगितलं नाही, रेवणसिद्धप्पांना सांगितलं नाही, ते त्यांनी एकेक अक्षर करून सांगितलं. आवाज इतका बारीक होता, की लिंगराजनं दोनदा "काय?" म्हटलं.

लिंगराजनं ते लिहिलं. पंचशीलानं पडद्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मग पुढे वाकून तिनं ती अक्षरं एकेक करून पुसली.

"अक्का, रिकामी ठेवली तर फुडं तरास हाय. ठाऊक हाय न्हवं?" लिंगराज म्हणाला.

"ठाऊक हाय."

"पोरी, तुझं शिक्षण जातंय की गं," अप्पा म्हणाले.

"माझ्या नावाची एक ओळ लिहाया त्यांचा हात उठला न्हाई, अप्पा. आता आडनाव तुमच्याकडून लिहून घ्यायलेत."

तिथंच बाकावर बसून तिनं विद्यापीठाला उत्तर लिहिलं. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्याचं नाव मात्र आधी विचारून घ्या. खाली सही, पंचशीला. नुसतं तेवढंच.

ती आता हुमनाबादच्या एका कॉलेजात शिकवते. हंगामी नोकरी आहे. मर रोगाबद्दल घरात कुणी बोलत नाही.

माझी मुदत अजून सात वर्षं आहे. मी अप्पांच्या खाकी टपालपिशवीत पडून आहे. त्या पिशवीत आत्तापर्यंत परत आलेलं एकही पत्र नव्हतं, मी पहिलाच. परवा त्यांनी मला काढलं, माझं पान उघडून ते नाव बोटानं वाचलं आणि परत ठेवताना सुभद्राबाईंना म्हणाले, "पत्ता बरोबर व्हता गं. वाचणाऱ्याला वाचायचंच न्हवतं."

खिडकीपलीकडे बसणाऱ्या माणसांनो, उद्या माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर रिकाम्या चौकटीवर शिक्का मारण्याआधी शेजारची चौकट वाचा. तिथं नाव लिहिलेलं असतं.