दुसरा दरवाजा

रविराजने ड्रॉइंग उलटं करून मागे काही आहे का ते पाहिलं. मागे काही नव्हतं.

"नाना, दरवाजा एकच?"

"एकच."

"नक्की ना? एकदा चौकट उभी राहिली की परत फाडायला सांगू नका."

"एकटा माणूस झोपणार. दोन दरवाजे काय करायचेत?"

त्याने ड्रॉइंग पुन्हा सरळ केलं. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, जिने, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. त्याचे वडील आमच्या सातपूरच्या कारखान्यात वेल्डर होते आणि मी तिथे चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो, त्यामुळे लहानपणापासून मला ओळखतो.

आधी हे काय बनवायचं होतं ते सांगतो. गाडीच्या मागे ओढून न्यायची, झोपण्यापुरती खोली. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पुढून गोल आणि मागे निमुळती. आत गादी मावते, उभं राहता येत नाही. मागचं झाकण उचललं की स्टोव्ह आणि चार डबे ठेवायची जागा. आमची मुलगी आरोही पुण्याला असते. तिने आईला फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशातलं एक म्हातारं जोडपं तशी खोली गाडीला लावून फिरत होतं. सिंधूने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "लसणाच्या पाकळीसारखी दिसते." तेव्हापासून आमच्या घरात त्या खोलीचं नाव पाकळी.

सिंधू माझी बायको. या फेब्रुवारीत गेली. साधा ताप म्हणून सुरू झालं, त्यात शुगर, पाचव्या दिवशी संपलं.

तिचं माहेर हरसूलचं. भाऊ झिपरूदादा तिथेच शेती करतो. माणसं चांगली, पण घर दोन खोल्यांचं आणि झोपणारे आठ. शुगर लागल्यापासून सिंधूला रात्री तीनदा तरी उठावं लागायचं. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये ही शिकवण तिच्यात पक्की होती. अंधारात चाचपडत, एकेकाला उठवत, माफी मागत ती दारापर्यंत जायची. सकाळी भावजय म्हणायची, "ताई, तुमच्यामुळं कुणाला काय त्रास नाय हो." पण ते बोलावं लागतं यातच सगळं आलं. मग तिने मुक्काम करणं सोडलं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. चार वर्षं ती माहेरी एक रात्र राहिली नव्हती.

म्हणून पाकळी. झिपरूदादाच्या आवारात उभी करायची, आपल्याच दारातून बाहेर पडायचं, कुणाला उठवायचं नाही. मी निवृत्त झालो होतो, जुनी बोलेरो दारात होती, हातात काम नव्हतं. मी म्हटलं, करतो.

आणि मी ड्रॉइंग काढायला बसलो.

कारखान्यात आमचा नियम होता, ड्रॉइंग पास झाल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही. पास करणारा मीच होतो. घरीही मीच काढायचो आणि मीच नापास करायचो. खालच्या चौकटीला दोन इंची चौकोनी पाइप की दीड इंची. आडव्या पट्ट्या चार की पाच. चाकं मधोमध की थोडी मागे, म्हणजे पुढच्या दांड्यावर किती भार येईल. मागचे दिवे कुठे, ब्रेकचा लाल, वळायचा पिवळा, नंबर प्लेटवरचा छोटा पांढरा, आणि त्यांच्या वायरी पाइपातून न्यायच्या की बाहेरून. प्रत्येक बदलाला नवा कागद, कागदावर नंबर. सिंधू चहा ठेवताना विचारायची, "आता कितवा?" मी म्हणायचो, "सहावा." ती म्हणायची, "आरोही एवढ्यात पास झाली असती."

तिसऱ्या कागदाच्या वेळी मी गच्चीवर खडूने खऱ्या मापाची चौकट काढली. कारखान्यात मोठा जॉब असला की जमिनीवर असंच काढून बघतात. सिंधूला म्हटलं, आत झोपून बघ. तीही पदर खोचून झोपली. शेजारच्या गच्चीवर भागीबाई कुरडया घालत होत्या.

"काय हो सिंधूताई, पंचनामा चाललाय का?"

"हो ना. आरोपी उभाय बघा टेप घेऊन."

दोघी हसल्या. मीही हसलो. मग मी तिच्या शेजारी झोपलो. रुंदी पुरत होती. मी उठून कागदावर खूण केली.

सिंधू पडल्या पडल्या म्हणाली, "दार कुठंय?"

"हे काय, माझ्या बाजूला."

"आणि मी?"

"तू आतल्या बाजूला. बाहेर मुक्काम असला की गडी माणसानं दाराशी झोपायचं."

माझे वडील तसंच झोपायचे. खळ्यावर असो नाहीतर लग्नाला गेलेलो असो, दाराशी तेच. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"मग मला उठायचं झालं तर? तुम्हाला ओलांडून जाऊ?"

"मला उठव ना."

"तीनदा?"

"तीनदा उठव."

"एकदा उठवलं तर दुपारपर्यंत तोंड फुगलेलं असतं. माझ्या बाजूला एक दार ठेवा. आणि दारापाशी खाली एक बारीकसा दिवा. चप्पल दिसली पाहिजे, तिकडं विंचू असतात."

दिव्याचं मी लिहून घेतलं. दाराला नाही म्हणालो. सांगितलं की दोन्ही बाजू कापल्या की चौकट कमजोर होते, रस्त्यावर हादरे बसले की पत्रा सुटेल. ती उठून बसली, साडीला लागलेला खडू झटकला आणि म्हणाली, "तुम्हाला कळतं त्यातलं."

पुढे आणखी दोनदा तिने विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं, दुसऱ्या वेळी जरा आवाज चढवून. मग तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, तिला पटलं.

आता ती नाही, तर पाकळी कशाला, असं आरोही म्हणाली. मी म्हटलं, करतोच. ज्या आवारात तिला एक रात्र झोपायचं होतं तिथे आपण तरी झोपून यावं, एवढंच डोक्यात होतं. नववा कागद घेऊन त्या दिवशी मी रविराजकडे गेलो तो असा.

रविराजने ड्रॉइंग टेबलावर ठेवलं, वर हातोडी ठेवली.

"नाना, एक बोलू?"

"बोल की."

"काकू आल्या होत्या इथं. गेल्या दिवाळीच्या आधी."

"कोण, सिंधू? कशाला?"

"रिक्षा करून आल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत तुमचं ड्रॉइंग. सातवं होतं बहुतेक. मला म्हणाल्या, दुसऱ्या बाजूला दार काढलं तर ही चौकट कमजोर होईल का, खरं सांग."

मी ड्रॉइंगवरची हातोडी बाजूला सरकवली.

"मी म्हटलं, काकू, काय नाय होत. दाराच्या चारही बाजूंनी पाइप फिरवायचा, कोपऱ्यात पट्ट्या मारायच्या, उलट मजबूत होतं. मी ट्रॉलीला तीन तीन उघडणारे फाळके काढतो. लय खूश झाल्या. इथं या स्टुलावर बसून चहा घेतला. बिनसाखरेचा."

"मला कसं बोलली नाही?"

"मी म्हटलं त्यांना, नानांना फोन करून सांगतो. तर म्हणाल्या, नको. त्यांना दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाय. त्यांचं त्यांना सुचू दे, तोवर मी थांबते." रविराज खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, सुचलं असेल. म्हणून मागं पण बघितलं कागदाच्या."

बाहेर कुणीतरी हॉर्न देत होतं. मी स्टुलावर बसलो. मग लक्षात आलं, हेच ते स्टूल असणार, तरी उठलो नाही.

दिवाळीच्या आधी म्हणजे ऑक्टोबर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. या काळात मी काय केलं ते मला तारखेसकट आठवतं. आठवा कागद काढला, त्यात मागच्या दिव्यांची जागा दोन इंचांनी वर घेतली. नववा काढला, त्यात वायरीसाठी पाइपाला भोकं दाखवली. सिंधू रोज चहा घेऊन येत होती आणि कागदाकडे बघत होती. मला वाटायचं, कौतुकाने बघते. ती दार शोधत होती.

चौकट कमजोर होईल हे मला ठाऊक नव्हतं. ते मी तपासलंच नव्हतं. चौतीस वर्षं लोकांचे जॉब मायक्रोमीटर लावून तपासले आणि बायकोला तोंडाने उत्तर दिलं. खरं कारण इतकंच होतं की दुसरं दार म्हटलं की सगळं ड्रॉइंग पहिल्यापासून काढावं लागलं असतं, आणि दाराची गोष्ट मला सुचलेली नव्हती.

रविराजने विचारलं, "मग काय करू नाना? एकच ठेवू?"

आता दोन केले तर ते तिच्यासाठी नाहीत हे मला कळत होतं. तिला काही पोचणार नव्हतं. लोकांनी म्हणावं की बघा, बायकोची इच्छा पुरी केली, असंही मला नको होतं. कारण पुरी केली नव्हती. आणि एक ठेवावा तर हरसूलला जाऊन त्या एका दाराशी मी झोपणार, पाठीमागे बंद भिंत. तिला आयुष्यभर जिथे झोपवणार होतो ती भिंत.

मी म्हटलं, "दोन कर."

"नवं ड्रॉइंग काढून आणता?"

"नाही. तू सांग कसं करायचं, मी बघतो."

त्याने माझ्याच कागदावर पेन्सिलने डाव्या बाजूला चौकोन काढला. मला विचारून एक माप घातलं, न विचारता तीन घातली. खाली कोपऱ्यात एक छोटा गोल काढला आणि म्हणाला, "हा खालचा दिवा. काकू म्हणाल्या होत्या, डोळ्यांवर यायला नको, फक्त जमिनीवर पडला पाहिजे." हे मला तिने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

समोरच्या टपरीवरून त्याने दोन चहा मागवले. माझा ग्लास बाकावर ठेवून तो मशीनकडे गेला. पाइप लावला, खूण केली, पाती खाली आणली. दोन उभे तुकडे, दोन आडवे. कोपऱ्याच्या पट्ट्या त्याने भंगारातूनच उचलल्या. चारही तुकडे त्याने माझ्यासमोर जमिनीवर मांडले तेव्हा मी ग्लास उचलला. चहा अजून गरम होता.

"माप बघून घ्या नाना."

मी टेप लावला. दार बावीस इंच रुंद होतं. सिंधूचे गुडघे दुखायचे, म्हणून उंबरा त्याने खाली घेतला होता; तेही तिनेच त्याला सांगितलेलं असणार. माप बरोबर होतं, तसं मी त्याला सांगितलं.