हाक न देता लावलेलं कुलूप

त्या सकाळी बाजारात दुसरा विषयच नव्हता. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीबाईंनी बेकरीचं कुलूप काढायचा हुकूम दिला होता, आणि ज्याने त्याने दुकान उघडायच्या आधी तोंड उघडलं होतं.

जिन्याखालच्या अरुंद दुकानात चावीमामा कानसीने चावी घासत बसला होता. कुलपं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, म्हणून सारा बाजार त्याला याच नावाने ओळखे. बाहेरच्या बाकावर समोरचा शिंपी पेपर पसरून बसला होता.

"ऐका, ऐका. ‘विषारी पावाच्या बेकरीला न्यायालयाचा दिलासा.’ म्हणजे माणसं आजारी पडली आपली, आणि दिलासा त्याला."

"बाईमाणूस आहे जज. काळीज विरघळलं असेल," चष्म्याच्या दुकानाचा मालक म्हणाला.

"काळीज कसलं, खिसा बघा म्हणावं."

"आणि म्हणे राज्यघटनेत लिहिलंय. घटनेत बेकरी कुठे आलीय? मी शाळेत घटना वाचलीय, त्यात पाव नव्हता."

सगळे हसले. चावीमामा हसला नाही. पंधरवड्यापूर्वी ज्या माणसांना उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागलं, त्यात त्याची चार वर्षांची नात होती. पोरगी आता घरी आली होती, पण चेहरा अजून पांढराफटक. सगळ्यांनी त्या सकाळी बेकरीचा पाव खाल्ला होता. संध्याकाळी बाजार बेकरीसमोर जमला, नगरपालिकेचा साहेब गाडीतून उतरला, आणि त्याने परवाना कायमचा रद्द करून टाकला. खाली भट्टी, वर बेकरीवाल्याचं घर. दोन्हींना मिळून एकच दार. त्या दाराला पालिकेचं कुलूप लागलं. लावलं चावीमामानेच. पालिकेची असली कामं त्याच्याकडेच असत.

"मामा, तुम्हाला बोलावतील आता कुलूप काढायला," शिंपी म्हणाला. "जाऊ नका. तुम्ही नाही गेलात की साहेब लिहून मोकळा होईल, चावीवाला आला नाही म्हणून. पुढची तारीख. तोवर वरच्या कोर्टात बघून घेतील."

"मी कशाला जातोय," चावीमामा म्हणाला. "माझ्या नातीला सलाईन लावावं लागलं त्याच्यापायी."

"हे बोललात. नाहीतर बाजार तुमच्या दुकानाची पायरी चढायचा नाही."

हे शेवटचं वाक्य शिंपी हसत बोलला, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

दुपारी पालिकेचा शिपाई निरोप देऊन गेला. उद्या सकाळी कुलूप काढायला या, दोन्ही पक्ष हजर असतील. चावीमामाने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग उरलेला दिवस त्याचा हात ताळ्यावर येईना. एका गिऱ्हाइकाची चावी त्याने घासून घासून पातळ केली आणि फेकून दिली. दुसऱ्याला भलत्याच कपाटाची किल्ली दिली. उठून पाणी प्यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. समोर बेकरीच्या फळीवर बेकरीवाला गुडघ्यांत मान घालून बसलेला दिसे, तेव्हा हा पाठ फिरवी.

संध्याकाळी घरी आला तर सूनबाई लेकीला पेज भरवत होती. "बाबा, बातमी ऐकलीत?" तिने विचारलं. "लाज नाही त्या जजला. स्वतःची पोर असती म्हणजे कळलं असतं."

खिडकीपाशी चावीमामाची थोरली बहीण बसली होती. सगळ्यांची अक्का. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि निवृत्त झाली तरी घरात वॉर्डसारखीच वागायची. तिच्या मांडीवर तोच पेपर होता, पण आतलं पान उघडं.

"जजच्या पोरीचं राहू दे," अक्का म्हणाली. "निकाल कुणी वाचलाय का तुमच्यापैकी? का नुसता मथळा चाटलाय?"

"त्यात काय वाचायचं, आत्याबाई? बेकरी उघडा म्हणाल्या ना?"

"घर उघडा म्हणाल्या. पाव विकायला बंदी आहे ती आहेच, नमुने तपासून अहवाल येईपर्यंत. हे इथं आत छापलंय, बारीक अक्षरात. त्यांनी एवढंच विचारलंय की परवाना कायमचा काढला, माणसं घराबाहेर काढली, त्याआधी त्या माणसाला एका शब्दाने विचारलं का? पालिका म्हणाली, लोक चिडले होते. बाई म्हणाल्या, लोक चिडले हा पुरावा नाही."

"त्याला काय विचारायचं?" चावीमामा उसळला. "चोराला विचारतात का, बाबा रे, तू चोर आहेस का म्हणून?"

"हो. विचारतात. न विचारता ठरवलं की चोर सोडून संन्याशाला फाशी होते."

"आणि घटना? घटनेत कुठंय बेकरी?"

"बाकावरचा विनोद घरी आणू नकोस. घटनेत लिहिलंय की कायद्याने घालून दिलेल्या रीतीशिवाय कुणाचं जगणं हिरावून घ्यायचं नाही. आता जगणं म्हणजे काय, हे कुणीतरी ठरवायला हवं ना? नुसता श्वास? मी वॉर्डात कितीतरी माणसं बघितली, श्वास चालू होता, पण जायला घर नाही आणि करायला काम नाही. डिस्चार्ज दिला तरी दारातून हलायची नाहीत. त्यांना तू जगणं म्हणशील? बाई म्हणतात, डोक्यावरचं छप्पर आणि हाताचं कामही त्यात येतं. तुला पटत नसेल तर नको पटू दे. जज काही देव नाही. पण तिने काय म्हटलंय ते वाचून भांड."

"तुम्हाला त्या माणसाचाच पुळका," सूनबाईचा आवाज चढला. पोरीने घाबरून तोंड मिटलं. "माझी लेक रात्र रात्र तडफडली, ते तुम्ही बघितलंत ना? उशाशी तुम्हीच होतात."

"मीच होते. म्हणून तर विचारते. तिला काय बाधलं?"

"पाव."

"पावातलं काय? पीठ? खमीर? पाणी?"

सूनबाई वाटीत चमचा फिरवत राहिली.

"पालिकेने एक चिमूट पीठ तपासायला नेलेलं नाही," अक्का सावकाश म्हणाली. "निकालात लिहिलंय तसं. लोकांना बेकरी बंद हवी होती, ती दिली. सगळं आत कोंडलं आणि साहेब टाळ्या घेऊन गेला. बेकरीत पाणी येतं ते मागच्या टाकीतलं. आपल्या नळाला कुठलं येतं गं?"

सूनबाईने हातातल्या वाटीकडे पाहिलं. ती पेज त्याच पाण्याची होती.

"म्हणजे माझ्या पोरीला कशाने झालं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही?"

"नाही. आणि ते कळू नये याचा बंदोबस्त तुझ्या सासऱ्याच्या कुलपाने केलाय."

सूनबाईने वाटी खाली ठेवली. मग उठून नळाच्या पाण्याचं पातेलं उकळायला ठेवलं, नको इतका मोठा जाळ करून.

चावीमामा येरझाऱ्या घालत होता. "माझं कुलूप म्हणू नकोस. साहेबाने सांगितलं, मी लावलं."

"बरं. तुमच्या धंद्यात एक रीत आहे. आपले अण्णा पाळायचे, बापाच्या हाताखाली तूही तीच शिकलास. दार बंद करायच्या आधी उंबऱ्यात उभं राहून आत हाक द्यायची. कुणी आहे का, म्हणून. रिकाम्या गोदामालासुद्धा द्यायचे ते. त्या दिवशी दिलीस?"

चावीमामा थांबला.

हाच काटा पंधरवडाभर रुतत होता. त्या संध्याकाळी लोक ओरडत होते, साहेब घाई करत होता आणि डोळ्यांपुढे नातीचा चेहरा होता. त्याने हाक दिली नाही. कडी ओढली आणि कुलूप दाबलं. बेकरीवाल्याची बायको वर होती, गच्चीत कपडे काढत. खाली आली तर दार बंद. शेवटी खिडकीला शिडी लावून तिला उतरवलं. शिडीवर तिची चप्पल सुटून पडली तेव्हा गर्दी हसली होती. चावीमामाही हसला होता, थोडासा.

"नाही दिली," तो म्हणाला. "हाक दिली असती तर ती खाली आली असती."

"मग तुझ्यात आणि पालिकेत फरक काय? त्यांनीही हाक दिली नाही. ती जजबाई खुर्चीवर बसून तेवढंच तर म्हणतेय, बंद करा, पण आधी विचारा."

चावीमामा पाटावर बसला. जेवण अर्धवट टाकून उठला.

सकाळी बेकरीसमोर बाजार गोळा झाला होता. साहेब घड्याळाकडे पाहत होता. चावीमामा पिशवी घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून साहेबाचं तोंड उतरलं. त्याला पुढची तारीख जास्त आवडली असती.

"काय मामा, नातीला विसरलात?" शिंपी मागून म्हणाला. "का जजबाईंनी निरोप धाडला?"

"नातीसाठीच आलोय," चावीमामा म्हणाला.

"बघा, बघा. एका रात्रीत जज देव झाली."

"देव नाही झाली. उद्या तिचाच एखादा निकाल मला चुकीचा वाटेल. तेव्हा मीही बोलेन, तुझ्यापेक्षा मोठ्याने. पण वाचून बोलेन. तू काल तो पेपर पहिल्या पानाच्या पुढे उलटलास का?"

शिंप्याने इकडेतिकडे पाहिलं. बाजूचे लोकही पाहू लागले, कारण पान कुणीच उलटलं नव्हतं.

चावीमामाने कुलूप काढलं. आतून आंबूस, कोंडलेला वास आला. साहेब नाक दाबून मागे सरला, तशी गर्दीतून सूनबाई पुढे आली. पोरगी तिच्या कडेवर होती.

"साहेब, मागे कुठे? पिठाचा नमुना घ्या. खमिराचा घ्या. आणि मागच्या टाकीचं पाणी माझ्यासमोर बाटलीत भरा."

"बाई, तुम्ही कोण?"

"ही आजारी पडली होती, तिची आई. बेकरीवाल्याचा दोष निघाला तर त्याला सोडू नका, मीच सांगते. पण टाकीचा निघाला तर मग मी तुमच्या दारात येणार आहे."

गर्दीत कुजबुज झाली. टाकी पालिकेची होती, हे आता कुठे एकेकाच्या ध्यानात येत होतं. चष्मेवाला हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "आमच्या नळालाही तेच पाणी आहे हो." मग कुणीतरी ओरडलं, बाटल्या जास्त आणा.

चावीमामा बेकरीवाल्याच्या बायकोसमोर जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते ठरवून आला होता.

पण आधी तीच म्हणाली, "मी वर होते. माहीत होतं तुम्हाला?"

"नाही. मी विचारलंच नाही. चूक झाली माझी, वहिनी."

तिने त्याला माफ केलं असं काही दिसलं नाही. मान खाली घालून ती आपल्या घराचा जिना चढून गेली. त्याने ती गेली तिकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

अहवाल यायचा आहे. दोष पिठात निघेल, पाण्यात निघेल, किंवा खरोखरच बेकरीवाल्याच्या हलगर्जीपणात निघेल. तेव्हा त्याला शिक्षा व्हावी, आणि कडक व्हावी. पण ती बाजाराच्या आरोळीने होऊ नये. मंडळी, न्यायाधीशावर टीका करायचा हक्क आपल्याला आहे, आणि तो सोडूही नये. पण मथळा वाचून निकाल देणारे आपण, निकाल वाचून मत देणाऱ्याला नावं ठेवतो, हे बरं नाही. राज्यघटना आपल्या आवडत्या माणसांसाठी लिहिलेली नाही. आवडत्या माणसाचं आपण तसंही ऐकून घेतोच. ज्याचा आपल्याला संताप येतो, त्याचंही ऐकून घ्यायला लावते, ती राज्यघटना. आणि त्याचं ऐकलं नाही, तर सत्य त्याच्याबरोबर आत कोंडलं जातं, आणि नळाचं पाणी आपणच पीत राहतो.