वाचलेलं पिल्लू

वाघिणीचं तोंड नाल्याच्या पाण्यात होतं. वनरक्षक धोंडबानं ते दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवलं. ओठांवर फेस वाळला होता. दोन पिल्लांपैकी एक थंडगार पडलं होतं, दुसरं अजून धापा टाकत होतं. ते त्यानं आपल्या शर्टात गुंडाळलं.

विष घातलेली म्हैस जवळच अर्धवट खाल्लेली पडली होती. धोंडबानं तिला ओळखलं. पारशिवनीच्या बाजारातून ती त्यानंच धाकट्या बहिणीला, रुखमाबाईला घेऊन दिली होती. वाघिणीनं म्हैस मारली तेव्हापासून रुखमाचा नवरा मारोतराव कोणाशी बोलत नव्हता.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. मारोतराव भिंतीला टेकून बसला होता. धोंडबानं विषाचं विचारलं, तेव्हा त्यानं नाकारलं नाही.

"दादा, तू काही पायलं नाही म्हन," रुखमा म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा धोंडबानंच घरोघरी जाऊन लोकांना समजावलं होतं. तेच तो पुन्हा सांगू लागला. "एवढी एकच जागा ठेवली वं वाघाइसाठी. इथंबी मारलं तं ते जातीन कुठं?"

"अन् मी कुठं जाऊ?" रुखमानं विचारलं.

सकाळी त्यानं अहवाल लिहिला. मेहुण्याचं नाव लिहिताना टाक दोनदा अडला.

जगलेलं पिल्लू नागपूरला महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. खटलाही नागपुरातच चालला. आठ महिने प्रत्येक तारखेला रुखमा यायची आणि भावाकडे पाठ करून बसायची. शिक्षा झाली, मारोतरावाला नेलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"ते पिल्लू कुठं ठेवलं?"

तो तिला घेऊन गेला. पिंजऱ्यात पिल्लू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होतं. आठ पावलं, की वळायचं.

"जंगलात काहून नाही सोडत?"

"त्याले शिकार येत नाही. ते माय शिकवते."

रुखमानं तोंडाला पदर लावला. बराच वेळ ती गजांसमोर उभी राहिली. ती आता काही बोलेल, निदान शिव्या तरी देईल, म्हणून धोंडबा थांबून राहिला. ती वळली आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागली.

पारशिवनीच्या एसटीत ती पुढं बसली, तो मागं. कंडक्टरनं तिला विचारलं, सोबत कोणी आहे का. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि स्वतःचं एक तिकीट घेतलं.