दहापैकी दहा गुणांचे बाक

सरकारने यंदा शाळांनाच विचारलं, की पैसा आधी कशावर खर्च करायचा ते तुम्ही सांगा. एक छापील तक्ता आला. त्यात दहा गोष्टी होत्या आणि प्रत्येकीपुढे एक ते दहापैकी आकडा घालायचा होता.

आमच्या मोठ्या बाईंनी सदतीस वर्षं वह्या तपासल्या होत्या. तक्ताही त्यांनी तसाच तपासला. पहिलीच्या मुलांसाठी बाक : दहापैकी दहा. पाहुण्यांसाठी सोफे : एक. तोही, "अगदीच नापास कशाला करायचं," म्हणून.

वरच्या कचेरीत मात्र एक म्हणजे पहिली पसंती. शाळा उघडली त्याच आठवड्यात ट्रकमधून सहा सोफे उतरले. लालभडक, मखमली, आणि हात टेकायची जागा इतकी रुंद की तिच्यावर आणखी एक पाहुणा मावावा.

मी पहिलीला शिकवते. माझी चोवीस मुलं फरशीवर पालथी पडून लिहितात, आणि मग त्यांची अक्षरंही पालथी पडतात. बाकांसाठी मी तीन वर्षं मोठ्या बाईंच्या मागे लागले होते.

"आता काय करायचं, बाई?" मी विचारलं.

"कपाळ माझं. बसव त्यांना सोफ्यावरच."

बसवलं. पाच मिनिटांत नऊ जण झोपले. एक मुलगी गाद्यांच्या फटीत गेली. शिपाईमामांनी पाय धरून तिला बाहेर काढलं, तर म्हणाली, "मला आतच बरं वाटत होतं."

पंधरा दिवसांनी कचेरीतले साहेब तपासणीला आले. सोफ्यांवर पाहुणेच बसतात ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"हे पाहुणे आहेत?" मुलांकडे बघत त्यांनी विचारलं.

"सकाळी येतात, सारखं पाणी मागतात, कुणी उठवलं की रुसतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाहुणे आणखी वेगळं काय करतात?"

"नियम तो नियम. सोफे परत जातील आणि बाकांसाठी तुम्हाला पाच वर्षं थांबावं लागेल. तसा शेरा लिहितो."

साहेब लिहायला सोफ्यावर बसले आणि त्यांचे गुडघे थेट हनुवटीला टेकले. कागद मांडीवर ठेवला तर पेन आरपार पँटमध्ये गेलं.

"काका, असं नाही जमत," शेजारचा मुलगा म्हणाला. "पालथे पडा."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, फरशीवर रुमाल अंथरला आणि पडले पालथे.

"कोपर दुखतंय?" मुलाने विचारलं.

"हो रे."

"मग दुसऱ्यावर जा. ते दुखलं की परत ह्याच्यावर."

शेरा लिहून झाला, पण साहेबांना स्वतःचंच अक्षर लागेना. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मला पहिलीचं वाचायची सवय, तरी दोन ओळींपुढे माझीही गाडी जाईना.

"साहेब, तुमच्या कचेरीत येणारे लोक कशावर बसतात?" मी विचारलं.

"बाकांवर. बारा आहेत. तीन-तीन तास बसून पाठ धरते म्हणून रोज ओरड असते."

"मग खरे पाहुणे तुमच्याकडेच आहेत की."

साहेब उठले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि नवा शेरा लिहिला : सोफे पाहुण्यांच्या सोयीसाठी कचेरीत हलवावेत, तिथले बाक शाळेस द्यावेत.

शनिवारी बारा बाक आले. महिन्याभराने साहेबांचा फोन आला, तेव्हा मी मोठ्या बाईंच्या खोलीतच होते. कचेरीत आता ओरड नाही म्हणे, नंबर पुकारला तरी कुणी जागं होत नाही.

"आणि तुमच्याकडे? बसतात ना मुलं बाकांवर?"

"छे," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकांवर वह्या बसतात. मुलं समोर मांडी घालून. बाक बरोबर छातीशी येतो."

"अहो, मग नियमाने बाकावर बसणारं कोण दाखवू?"

"मला दाखवा. मधल्या सुट्टीत मी बसते."

मी वर्गात परत आले. चोवीस डोकी वह्यांवर वाकलेली होती आणि एकही कोपर जमिनीला लागलेलं नव्हतं.