झाकणाखालची चिठ्ठी

मित्रांनो, मला नुसते उचललेत तरी मी खुळखुळते. मी सागवानाची एक जुनी पेटी आहे. माझ्या पोटात पंचवीस खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत काचेची एक पातळ पट्टी उभी राहते. पुण्यातल्या एका सुताराने मला घडवले तेव्हा वाटले होते, आपल्यात अत्तराच्या कुप्या ठेवतील. पण १९७९ साली मी मुळशीतल्या एका छोट्या दवाखान्यात आले.

तिथे महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, पुण्याहून डॉक्टरीणबाई येत. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर होतो. तो होण्याआधी कितीतरी वर्षे तिथल्या पेशी बिघडू लागतात आणि तेव्हा काही दुखत नाही की खुपत नाही. म्हणून डॉक्टरीणबाई चपट्या लाकडी काडीने तिथला थोडा स्राव घेऊन काचेवर पसरत. आमच्या नर्स चंद्राबाई काचेच्या कडेला पेन्सिलीने नाव घालत. मग मी एस.टी.ने पुण्याला जाई. परत येई तेव्हा माझ्या झाकणाखाली निकालाच्या चिठ्ठ्या असत. "तीनशे बायका तपासल्या," असे दवाखान्याचे साहेब पाहुण्यांना सांगत आणि मला हातात घेऊन दाखवत. मीही फुशारून जाई.

पण त्याच वर्षीची एक चिठ्ठी गंगूबाईंची होती. त्यावर लिहिले होते, 'पुन्हा बोलवा,' म्हणजे पेशी बिघडलेल्या दिसतात, बाईला पुण्याला आणा. ओढे भरले होते. कुणीतरी उद्या जाईल, परवा जाईल, म्हणता म्हणता चिठ्ठी टेबलाच्या खणात गेली. दोन वर्षांनी गंगूबाई आपण होऊन आल्या. त्यांच्या अंगावर सारखे लाल जात होते. तोवर फार उशीर झाला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

खण आवरताना ती चिठ्ठी चंद्राबाईंना सापडली. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. 'पुन्हा बोलवा' लिहिलेली चिठ्ठी माझ्या झाकणाखालीच ठेवायची आणि ती बाई पुण्याला पोचेपर्यंत काढायची नाही. तेव्हापासून मला चैन पडेना. एवढासा कागद, पण त्याचे मला ओझे होई.

१९८२ च्या आषाढात माले गावच्या धोंडाबाईंची चिठ्ठी आली. चंद्राबाई मला पिशवीत घालून निघाल्या.

धोंडाबाई शेतातूनच ओरडल्या, "मला काय बी झालं न्हाई! भाताची लावणी सोडून कुटं येऊ?"

आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तर त्या आम्हाला बघून गोठ्यामागे गेल्या. आणखी चार दिवसांनी चंद्राबाईंनी मला बांधावर ठेवले, लुगडे खोचले आणि सरळ चिखलात उतरल्या. रोपांची एक मूठ घेऊन धोंडाबाईंच्या शेजारी लावणी करू लागल्या. दोन ओळी लावून झाल्या. शेवटी धोंडाबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, पोरीची सोयरीक चाललीया. आईला असला रोग हाय म्हनल्यावर कोन करंल तिला?"

"गावाला सांगतंय कोन? भावजयीच्या बाळंतपनाला पुन्याला चाललीया म्हना."

"मला भावजयच न्हाई."

"मग मावसभावाची बायकू म्हना!"

धोंडाबाई खुदकन हसल्या. मग बांधावर येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

त्यांचे यजमान नथू औत सोडून धावत आले. "बाई, खरं सांगा. जगंल का ही?"

"अजून मूळ धरलं नसंल. आत्ता चालली तर जगंल. दिवाळीनंतर चालली, तर मला इचारू नका."

नथूंनी हातातला आसूड बांधावर ठेवला. मग म्हणाले, "उद्याची पैली गाडी धरा. लावणीचं मी बगतो. भाकरी बी थापीन."

पुण्याच्या इस्पितळात धोंडाबाईंच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा छोटा तुकडा काढून तपासला. पेशी बिघडल्या होत्या, पण आत शिरल्या नव्हत्या. तेवढा भाग काढून टाकला आणि आठ दिवसांनी त्या घरी आल्या. "आता दर सहा महिन्यांनी तपासायचं," असे डॉक्टरांनी बजावले होते. धोंडाबाई येत, पण पदर ओढून, मागच्या दाराने. बाजाराची पिशवी मुद्दाम हातात धरून.

तीन वर्षे गेली. मुलीचे लग्न झाले. एका तपासणीच्या दिवशी गोजरा नावाची तरुण बाई आपली चिठ्ठी चुरगाळून दाराकडे निघाली होती. चंद्राबाई हाका मारत होत्या. एवढ्यात कोपऱ्यातून धोंडाबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला.

"ए पोरी, बस खाली. मलाबी हीच चिठ्ठी आली हुती. मी बी पळाले हुते."

बाकड्यावरच्या बायकांनी वळून बघितले. माल्याच्याच चार बायका तिथे बसल्या होत्या.

"मग?" गोजराने विचारले.

"मग काय? उभी हाय की तुझ्याम्होरं!"

गोजराने चिठ्ठी पुन्हा उलगडली. "तुमी याल संगं?"

"येते की."

मित्रांनो, आता माझी एक कड फुटली आहे. तपासणीला पत्र्याचा नवा डबा आला आहे आणि मी कपाटावर धूळ खात पडले आहे. त्याचे दुःख नाही. पण खालून "उद्या नेऊन देऊ" असे कानावर आले की माझा जीव अजून कासावीस होतो. तुमच्या आईला, मावशीला तपासून घ्यायला सांगा. आणि तपासणी झाली म्हणून हुश्श करून बसू नका. चिठ्ठी आणायला कोण जाणार, आणि चिठ्ठीत 'पुन्हा बोलवा' असले तर आईबरोबर कोण जाणार, एवढे आजच ठरवा.