हातातलं सोड

माझी बायको जिम्नॅस्टिक्सची चॅम्पियन होती. आमच्या गल्लीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. किराणावाला, पोस्टमन, समोरच्या इमारतीतली पोरं, सगळे तिला चॅम्पियनच म्हणायचे, आणि मी चॅम्पियनचे मिस्टर. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. तिच्यामुळे भाजीवाला मलाही टोमॅटो निवडून द्यायचा.

कॉलेजात असताना तिचं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी खेळ विसरा म्हणून सांगितलं. ही प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून रोज हॉलवर जायची आणि पायांचा सराव करायची. पुढे त्याच हातावर उभी राहून देशात पहिली आली. ही गोष्ट अजून शाळांमध्ये सांगतात. फळ्यावर जिद्द, मेहनत असं लिहून शेजारी तिचा फोटो लावतात. गोष्ट खरीच आहे. मी फक्त एवढीच भर घालेन, की त्या दिवशीचा तिचा पोशाख मी शिवला होता. आधीच्या शिंप्याने ताणल्या जाणाऱ्या कापडावर साधी शिलाई मारली होती, ती पहिल्याच उडीला काखेत उसवली. मी झिगझॅग मारून दिली. ती माझ्या दुकानातच हातांवर उभी राहिली आणि उलटीच म्हणाली, "आता ठीक आहे." तिथेच माझा निकाल लागला.

खेळ थांबल्यावर ती पोरांना शिकवू लागली. नवीन पोर आलं की आधी ती त्याला पडायला शिकवायची. उडीबिडी सगळं नंतर. पालक कुरकुरायचे, आम्ही पोराला पडायला पाठवलंय का? ती म्हणायची, "मी पडले तितकी तुमची पोरं पडू देत, मग बोलू."

आमची साठी उलटली तेव्हा तिने मला धरलं. हॉलने एक जुनी गादी टाकून दिली होती, ती घरी आणली. मी तिला ठिगळं लावली. ती बाहेरच्या खोलीत पसरली गेली आणि तिथेच राहिली.

"गादीवर अहो-जाहो नाही," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. एरवी ती मला अहो म्हणायची. "पड."

"अगं, असा उगाच कसा पडू?"

"आयुष्यभर मशीनपुढे बसलास. आता पड."

हनुवटी छातीला लावायची. पाठ गोल करायची. हात मागे टेकवायचा नाही, मनगट जातं. आणि सगळ्यात आधी, हातात काही असेल तर ते सोडायचं. मला नेमकं तेच जमेना. शिंप्याचा हात, धरलेलं सुटत नाही. ती माझ्या हातात रिकामा कप द्यायची आणि खांद्याला ढकलायची. मी पाठीवर आपटायचो, कप छातीशी.

"कप वाचला," ती म्हणायची. "तू मेलास. परत."

नीट पडलं की शेवटी तळहात गादीवर आपटून "झालं" म्हणायचं, ही तिची पद्धत. तिच्या हाताखालची सगळी पोरं तशीच पडायची.

मग ती आजारी पडली. उभं राहवत नव्हतं तरी खुर्ची गादीजवळ ओढायला लावायची आणि शाल गुंडाळून बसून "परत" म्हणायची. शेवटी आवाज गेला, तर बोट गोल फिरवायची. मला वाटायचं, हिचा वेळ जातोय ना, मग पडू या. ती गेली आणि घरात एकटा राहिलो, तेव्हा कळलं की काळजी माझी चालली होती.

गेल्या महिन्यात लेक मला न्यायला आली. ती दुसऱ्या शहरात हॉस्पिटलात एक्स-रे काढते. म्हाताऱ्यांचे मोडलेले खुबे रोज बघते.

"बाबा, खोली तयार आहे. बॅग मी भरलीय."

"आणि दुकान?"

"दुकानाला कुलूप. इथे एकटे असताना पडलात तर कोणाला कळणार?"

"पडलो तर उठेन."

"सगळे असंच म्हणतात. मग माझ्या टेबलावर येतात."

मला जायचं नव्हतं. खाली दुकान, वर घर, कपाटाच्या तिच्या कप्प्यात अजून हाताला लावायच्या पावडरीचा वास. पण पोरीच्या डोळ्यांत झोप नव्हती, आणि तिला घाबरवत ठेवणंही बरं नव्हे. म्हटलं, "चल. फक्त आईचा फोटो मला काढू दे."

"थांबा, मी काढते."

"तिला मीच उतरवणार."

फोटो त्या पदकाच्या दिवसाचा, जाड चौकटीतला. मी स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी तो खिळ्यावरून काढला. स्टुलाचा एक पाय गादीच्या कडेवर होता, ते मी पाहिलं नव्हतं. स्टूल कललं. गादी डावीकडे आणि मी उजवीकडे, उघड्या फरशीवर.

मी काही ठरवलं नाही. हात आपोआप उघडले. फोटो गेला. हनुवटी खाली आली, पाठ गोल झाली, मी लोळलो आणि तळहात फरशीवर आपटला.

"झालं," मी म्हणालो.

लेक स्वयंपाकघराच्या दारात पांढरीफटक उभी होती. मग धावत आली, खुबा चाचपला, मनगट दाबून पाहिलं. "इथे दुखतं? इथे?"

"कोपर खरचटलंय."

ती खालीच बसली. काचा बघत राहिली. "बाबा, तुम्ही आईचा फोटो सोडलात."

"तिनेच सांगितलंय, हातातलं सोडायचं."

"तुम्ही टाचणीसुद्धा सोडत नाही कधी," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसताहसता रडली. मीही.

लहानपणी लेक हॉलवरच्या गादीजवळही फिरकली नव्हती. शाळेत जो तो म्हणायचा, चॅम्पियनची ना तू, मग उडी मारून दाखव. तिने खेळाशी फारकतच घेतली. तिच्या आईने कधी जबरदस्ती केली नाही, पण आईच्या मनाला लागलं होतं ते, मला ठाऊक आहे.

लेकीने काचा झाडल्या. फोटो बिनकाचेचा भिंतीला टेकवून ठेवला. स्टूल उचलून बाहेर टाकलं.

"हे घरात दिसता कामा नये. आणि रोज संध्याकाळी फोन."

"करीन."

"दुकान कधी उघडणार?"

"उद्याच. पोस्टमनची पँट राहिलीय."

 दाराशी ठेवलेली माझी बॅग तिने पायाने ढकलत आतल्या खोलीत नेली. परत आली ती चपला काढून गादीवर उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"बाबा, हात मागे टेकवायचा नाही ना?"

"नाही. आणि गादीवर अहो-जाहो नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग बघ."

पडली. वाईट पडली. हात मागे गेलाच, हनुवटीही वर. पडल्यापडल्या हसत होती.

मी खुर्ची गादीजवळ ओढून बसलो.

"परत," मी म्हणालो.